वासाचं खोडरबर

आधी वाटलं, शेजारच्यांचा कुकर.
मग कळलं, आवाज टेबलाखालून येतोय.
एक लांब बीप, थांबून पुन्हा एक लांब,
आणि पडदा काळाच्या काळा.
पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागलाय,
म्हणजे जीव आहे. वाचा गेली.

रात्रीचे साडेनऊ. सेलूत या वेळी
दुकानं बंद, जिनिंग चालू.
सकाळी साडेसातला सहावीचा विज्ञानाचा पेपर,
सत्तर पोरांचा, टाइप करून ठेवलेला,
याच्या पोटात.
हेडसरांना मीच म्हणाले होते, काळजीच करू नका.

उद्धव म्हणाले, वरून दोन थापा मार.
त्यांच्या दवाखान्यात म्हशी येतात,
तिथं चालत असेल.
तरी मारल्या. दोन.

मानवतच्या इलियासभाईंना फोन लावला.
मागे लग्नाचा बँड.
"ताई, वरडायलंय ना? मंग बरंय.
मुकं झालं असतं तर काळजी होती.
रॅम हाय ती. आधी प्लग काढा. आधी प्लग!
हात लोखंडी कपाटाला लावा,
आन् घरात खोडरबर हाय का?"

होतं. समर्थच्या कंपासात, स्ट्रॉबेरीच्या वासाचं,
चौथीच्या अख्ख्या वर्गात कुणालाही न दिलेलं.
उठवलं त्याला. म्हणाला, संपेल का?
म्हटलं, थोडंसं.
डोळे न उघडता त्यानं पट्टी शोधली,
मोजलं, आणि मगच दिलं.

स्क्रू काढून वाटीत ठेवले.
झाकण सरकवलं तर आत कापूस.
सहा हंगाम खिडकीतून आलेला जिनिंगचा तंतू,
पंख्याच्या पात्यांना वळून वाती झालेला,
वर्षभर समईला पुरेल इतका.
कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली, रिकामी.
म्हणजे इथून कुणीतरी
चालू होऊन निघूनही गेलं.

बोटभर हिरवी पट्टी, तिचा एक काठ सोनेरी.
भाई म्हणाले, हीच याची आठवण,
घासा.
शाळेत जन्मभर चुका पुसल्या ज्यानं
त्यानंच आता आठवण घासायची,
रांगोळीनं पैंजण घासते तशी, हलक्या हातानं,
एक बाजू, मग दुसरी.
गुलाबी चुरा काळा होत गेला.

पट्टी परत खाचेत. दोन्ही टोकांवर अंगठे.
कट्ट.
प्लग, बटण.
एकच बीप, आखूड,
पोट भरल्यावरच्या उचकीएवढा.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली,
पण त्याला वाटत होतं, आज एक जानेवारी दोन हजार दहा.
बँकेनं काढून टाकलेलं हे यंत्र,
आतला बटणाएवढा सेल मेलेला,
विचारत होतं, तारीख सांगा.
एक वर्ष पुढे जायला अधिकची कळ एकदा.
दहा. मी गंगाखेडला, टायपिंगच्या क्लासात,
तीसच्या परीक्षेत नापास.
अकरा. पास.
तेरा, चौदा, हे घर, हे कपाट.
सोळा. टँकरमागे कळशी घेऊन पळणं,
बोट इथं थोडं थांबलं.
वीस, एकवीस न बघता दाबली,
आणि दाबतच राहिले वाटतं, कारण एकदम एकतीस आलं.
समर्थला मिसरूड फुटलेली. मी चाळिशी ओलांडलेली.
सेलूत दुसरं कुणी पेपर टाइप करतंय.
घाईघाईत वजाची कळ शोधली.

सव्वाबाराला सत्तर प्रती निघाल्या.
झाकण लावलं. भोकं सगळी भरली,
वाटीत तरी एक स्क्रू उरला.
इलियासभाईंना सांगितलं नाही.
बटणांच्या डबीत टाकला.

सकाळी समर्थनं आधी पट्टी लावली.
तीन मिलिमीटर गेले.
मग खोडरबर नाकाला लावलं,
बराच वेळ.
म्हणाला, आई, याला आता कॉम्प्युटरचा वास येतोय.
आणि कंपासात न ठेवता
शर्टाच्या खिशात ठेवून शाळेत गेला.